‘मराठी’त अक्षरे किती?

‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती, असे विचारले तर बालवाडीतले मूलही ‘तीन’ म्हणून मोकळे होईल. म, रा, ठी. परंतु हाच प्रश्न संगणकाला विचारला, तर पायथन ही भाषा ५ असे उत्तर देते आणि बाइट मोजणारी दुसरी एक आज्ञा १५ असे सांगते! गंमत अशी की, तिन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबर आहेत. ही गंमत गेल्या वर्षी माझ्या अंगाशी आली; म्हणून हा लेखनप्रपंच.

एम. ए.च्या प्रकल्पासाठी मी ‘लीळाचरित्रा’तील काही लीळा आणि आजच्या गद्यातील काही उतारे घेऊन शब्दांची सरासरी लांबी काढली होती. लीळांतील अक्षरे वहीत रेघा ओढून मोजली. पुढे कंटाळा आला, तेव्हा आजचे उतारे एका मित्राने लिहून दिलेल्या पायथनच्या चार ओळींवर सोपविले. मराठीचे शब्द काळाच्या ओघात लांबले, असा निष्कर्षही ऐटीत लिहून टाकला. सरांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, “हे मोजलेस कसे?” मला सांगता येईना. त्या चार ओळी केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. तक्त्यात नुसते आकडे उरले होते. मित्राकडून त्या ओळी पुन्हा लिहून घेतल्या, तेव्हा उलगडा झाला. मी जिथे तीन मोजत होतो, तिथे यंत्र पाच मोजत होते. शब्द लांबले नव्हते, माझे माप बदलले होते. ते सबंध प्रकरण काढून टाकावे लागले.

असे का व्हावे? युनिकोड या संकेतपद्धतीत म, र, काना, ठ आणि वेलांटी ही पाच स्वतंत्र चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पंधरा. तेव्हा आकड्याशेजारी त्याचे मापही लिहिलेले हवे, हा धडा मी घेतला. त्याची सोय मला ईमॅक्स या एडिटरमध्ये सापडली.

एडिटर म्हणजे संगणकावरील कोरी वही. ईमॅक्सचा जन्म १९७६ सालचा, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतला. त्यात टिपणे ठेवण्यासाठी कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ‘ऑर्ग’ ही पद्धती तयार केली. पुढे एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी तिला ‘बॅबेल’ची जोड दिली. आज्ञावली हे माणसाने वाचण्याचे लेखन असावे, हा डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार तिच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्षात काम असे चालते. साध्या मराठीत मी टिपण लिहितो. मध्येच आरंभाची व शेवटाची खूण करून एक चौकट आखतो, खुणेपुढे भाषेचे नाव घालतो आणि आत त्या भाषेतील ओळी लिहितो. कंट्रोल धरून ‘सी’ दोनदा दाबला की उत्तर चौकटीखाली उमटते. एडिटर त्या ओळी यंत्रावर बसविलेल्या पायथनच्या किंवा दुसऱ्या भाषेच्या दुभाष्याकडे पाठवितो आणि आलेले उत्तर कागदावर आणून ठेवतो. दुभाष्याच बसविलेला नसेल, तर उत्तर येणार कोठून?

खरी मौज पुढेच आहे. एका चौकटीला नाव दिले की तिचे उत्तर दुसरीला पुरविता येते. उतारे निवडण्याचे काम शेलच्या आज्ञेने करावे, मोजणी पायथनने आणि आलेख ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेने. तिघींची पंगत एकाच पानावर!

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. मजकूर बदलला तरी जुने उत्तर आपोआप बदलत नाही; चौकट पुन्हा चालवावी लागते. आणि दुसऱ्याची चौकट न वाचता चालवू नये. एखादी ओळ आपल्या फायलीही पुसून टाकू शकते. म्हणूनच चालविण्यापूर्वी ईमॅक्स ‘चालवू का?’ असे विचारतो. घाईने ‘हो’ म्हणू नये.

यंदा मी ते मोजमाप नव्याने आरंभिले आहे. ‘काना-मात्रा वेगळी मोजू नये, जोडाक्षर एकच धरावे’ हा नियम वर मराठीत लिहिला आहे, खाली तोच पायथनमध्ये, आणि त्याखाली आकडे. लीळा आणि आजचे उतारे दोन्ही त्याच चौकटीतून जातात. शब्द लांबले की नाही, ते सर्व उतारे मोजून झाल्यावरच लिहीन. पण सरांनी पुन्हा “हे मोजलेस कसे?” असे विचारले, तर या वेळी ते पान त्यांच्यापुढे ठेवता येईल.