लहान दुकाने व मालमत्ता कर

मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर जागेच्या भांडवली मूल्यावर आकारला जातो. हे मूल्य शीघ्र सिद्धगणकातील दरांवरून ठरते. त्यामुळे परिसराचा भाव चढला की, गिऱ्हाईक तेवढेच राहूनही शिंप्याच्या गाळ्याचे देयक वाढू शकते. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी मिळाली. त्याहून कितीतरी लहान दुकाने मात्र या सवलतीबाहेर राहिली. हा भेद समर्थनीय वाटत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पासून, व्यवसायाची एकच जागा असून तिचे करपात्र मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असल्यास, पूर्ण माफी दिली जाते. पुढे १५,००० पौंडांपर्यंत ती क्रमाने घटत जाते. तेथेही सवलतीसाठी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा लागतो. आपल्याकडे अशी योजना आखल्यास अर्जाचा नमुना देयकासोबतच पाठविणे इष्ट ठरेल.