ब्राह्मणपुरीहून द्राक्षमळ्यांकडे

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून दोंडाईचा, धुळे, मालेगावमार्गे नाशिकला जाण्यातच बराच वेळ मोडतो. मुक्काम तिथेच ठेवावा.

राजीव सामंत यांच्या नाशिकजवळच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००५ मध्ये तिथे चवीसाठी खास दालन उघडलं. गंगापूर धरणाच्या परिसरातच यॉर्क वाइनरीही आहे. दिवसाला हे दोन मळे पुरेत, तिसऱ्यापर्यंत जीभ थकते. द्राक्षतोड पाहायची तर जानेवारी ते मार्च गाठावा.

चव घेताना आधी शेनिन ब्लाँसारखी पांढरी, मग शिराझसारखी लाल, गोड वाइन अखेरीस. पेला फिरवून वास घ्यावा, छोटा घोट तोंडभर घोळवावा. तो गिळलाच पाहिजे असं नाही; थुंकण्यासाठी भांडं मागून घ्यावं.

गाडी चालवणाऱ्याने मात्र एक थेंबही घेऊ नये.