आमवाताच्या चार पायऱ्या : खाली उतरायचे की वरच थांबायचे?

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणीचे दिवस होते. नागऱ्यातील माझ्या दवाखान्यात चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई आली. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली होती. "सकाळी लुगडं नेसाले बी बोटं वळत नाहीत जी, डॉक्टरसाहेब. दहा वाजेपावतो हात लाकडावानी राहतात," असे ती म्हणाली. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवणारी बाई, तिचे हातपाय दुखणारच, असे मी धरून चाललो. वेदनाशामक गोळ्या दिल्या. बरे वाटले की ती येत नसे, दुखले की पुन्हा येई. असे आठ महिने गेले. अखेर एक्स-रे काढला, तेव्हा बोटांच्या सांध्यांजवळचे हाड कडेने कुरतडल्यासारखे दिसले. तो आमवात होता आणि ते आठ महिने माझ्यामुळे वाया गेले होते. आपल्या वाचकांपैकी कोणाचे असे महिने वाया जाऊ नयेत, म्हणून आजचा हा लेख.

हा कोणता वात?

आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की लोक 'वात' किंवा 'गठिया' म्हणून मोकळे होतात. पण सगळे वात एक नव्हेत. उतारवयात गुडघे झिजतात. तो झिजेचा विकार. त्यात बसून उठताना पाय आखडतो, पण चार पावले चालले की मोकळा होतो. चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने दुखू शकतात, पण त्याआधी ताप येऊन गेलेला असतो. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्यांनाही हाडे-सांधे दुखण्याचे झटके येतात, म्हणून तरुण रुग्णात ती तपासणी विसरू नये.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, याहून वेगळा. शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे घराचा राखणदारच. या रोगात तो राखणदार घरच्याच माणसांवर काठी उगारतो. सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला होतो, ते सुजते आणि सूज उतरतच नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दोन ते तीन पट अधिक होतो, आणि बहुधा ऐन कामाच्या वयात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा रोग आढळला. म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात याचे रुग्ण असणारच.

चार पायऱ्या

1949 साली अमेरिकेतील स्टाइनब्रॉकर व सहकाऱ्यांनी या रोगाच्या चार अवस्था मांडल्या. आजही त्या समजावून सांगायला सोप्या आहेत.

पहिली : अस्तर सुजते. सांधे गरम लागतात. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. दोन्ही हातांचे तेच ते सांधे दुखतात. एक्स-रेमध्ये मोडतोड दिसत नाही.

दुसरी : सुजलेले अस्तर वाढते आणि हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेवर पसरते. सांध्याजवळचे हाड विरळ होऊ लागते. मुठीतला जोर कमी होतो. पाण्याची बादली, दाराची कडी जड वाटू लागते.

तिसरी : कूर्चा आणि हाड दोन्ही खाल्ले जातात. बोटे करंगळीच्या बाजूला कलतात, वाकडी होतात. हाताचे स्नायू वाळतात.

चौथी : हाडे एकमेकांना जुळून सांधा कायमचा बंद होतो. या वेळी दुखणे कधीकधी कमी होते. रुग्णाला वाटते, रोग गेला. खरे तर सांधाच गेलेला असतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या पायऱ्या मांडल्या गेल्या, तेव्हा रोगाला रोखणारी आजच्यासारखी औषधे नव्हती. आज प्रत्येकाने चौथ्या पायरीपर्यंत उतरलेच पाहिजे असे मुळीच नाही. मात्र गेलेले हाड परत येत नाही. म्हणून पहिले काही महिने सोन्याच्या मोलाचे.

उपचार : दुखणे आणि रोग वेगळे

वेदनाशामक गोळी दुखणे थांबवते, हाडाची झीज थांबवत नाही. नेमकी माझी चूक तीच होती. झीज थांबवणारी औषधे वेगळी. त्यांत मेथोट्रेक्सेट मुख्य. ते स्वस्त आहे, पण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. माझ्या रुग्णांना मी एक वार ठरवून देतो आणि घरच्या कालनिर्णयवर त्या वाराला गोल करायला सांगतो. सोबत फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तसे घ्यावे. रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी. दारू वर्ज्य. गरोदरपणात हे औषध चालत नाही, म्हणून मूल हवे असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना सांगावे. औषध चालू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा दम लागला, तर पुढचा डोस न घेता लगेच दाखवावे.

बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा. दोन दिवसांत चमत्कार दिसला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. स्टिरॉइड डॉक्टरांच्या हातात उपयोगी आहे. मनाने वर्षानुवर्षे घेतले, तर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे.

रोगासोबत जगताना

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडा-मिटा. सूज जास्त असेल त्या दिवशी सांध्याला विश्रांती द्या, एरवी हालचाल चालू ठेवा. पाण्याचा गुंड बोटांनी न उचलता दोन्ही हातांच्या आधाराने अंगाजवळ धरा. विळा, सराटा यांच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा. बिडी-सिगारेट सोडा, धुराने हा रोग वाढतो. आणि भात सोडू नका! "भातानं वात होते" म्हणून या धानाच्या जिल्ह्यात कित्येक बायका अर्धपोटी राहतात. भाताचा या रोगाशी संबंध नाही.

घरच्यांनाही एक सांगणे. सकाळी तिचा हात चालत नाही तो आळस नव्हे. दहा वाजता तीच बाई कामाला लागते, म्हणून ती सोंग करत होती असेही नव्हे. या रोगाची रीतच ती.

सकाळी तासभर सांधे आखडतात, बोटांच्या मुळांवर पंजा आडवा दाबला की कळ येते, आणि हे सहा आठवडे चालले आहे, असे असेल तर थांबू नका. आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला तरी रोग असू शकतो, म्हणून एका कागदावर विसंबू नका. गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात दाखवा, गरज पडल्यास नागपूरच्या सांधेरोगतज्ज्ञांकडे जा.

त्या बाईची दोन बोटे कायमची वाकडी राहिली. पण औषध सुरू झाल्यावर रोग तिथेच थांबला, स्वयंपाकपाणी ती स्वतः करते. चार वर्षांपूर्वी तीच आपल्या धाकट्या बहिणीला हाताला धरून घेऊन आली. बहिणीची बोटे सुजू लागून दीड महिनाच झाला होता. आज त्या बहिणीची दहाही बोटे सरळ आहेत, आणि यंदाही तिने रोवणी केली.