धूर कुठून आला?

मार्च-एप्रिलमध्ये मुंबईजवळच्या मलंगगड, येऊरच्या उतारांवरचं वाळकं गवत पेटतं आणि वास घराघरांत शिरतो. आग नेमकी कुठे लागली, हे सुओमी एनपीपी उपग्रह दाखवू शकतो. दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास तो आपल्या भागावरून जातो. त्यावरचा संवेदक धूर नव्हे, आधी उष्णता हेरतो. सुमारे ४ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांत आग इतकी प्रखर दिसते, की ३७५ मीटरच्या चौकोनाचा लहानसा कोपरा पेटला तरी अख्खा चौकोन उठून दिसतो. नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर हे ठिपके कुणालाही फुकट पाहता येतात.

धुराचा माग काढणं जास्त अवघड. तो दिवसाउजेडीच दिसतो, निळसर करड्या पट्ट्यासारखा. जानेवारी २०१६मध्ये देवनारची कचराभूमी पेटली, तेव्हा तो पट्टा उपग्रहचित्रांत दिसला होता.

खरी अडचण उंचीची आहे. चित्रात वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र दिसतो. आपल्या नाकाशी किती, ते कळत नाही. थंडीत उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला की धूर जमिनीलगतच कोंडतो. दम्याच्या रुग्णांना त्रास होतो तो याच धुराचा. म्हणून जमिनीवरची हवामापन केंद्रं वाढायलाच हवीत. तोवर पहाटे वास आला, तर रात्रीचे ठिपके पूर्वेकडे शोधा: त्या वेळी वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो.