गाठीवर पत्ता कसा लिहावा?

माल बांधताना आपण सुतळी घट्ट ओढतो, गाठ दोनदा हलवून पाहतो. पत्ता मात्र घाईत, मिळेल त्या कागदावर लिहितो. सुतळी सैल राहिली तर माल फार तर चुरगळेल. पत्ता चुकला तर माल दुसऱ्याच गावी उतरेल.

ही चूक माझ्याच हातून झाली आहे. १९९५ साली ईद मार्चच्या सुरुवातीला होती. मालेगावहून कापडाच्या चार गाठी मागवल्या. पत्ता सांगताना दुकानाचे नाव आणि 'मलकापूर' एवढेच सांगितले. गाठी कराडजवळच्या मलकापूरला गेल्या. परत आल्या तेव्हा ईद होऊन आठ दिवस झाले होते. आमच्या कापडावर अवलंबून असलेल्या तीन शिंप्यांनी रमजानसाठी जास्तीचे कारागीर बसवले होते. त्यांची मशिने रिकामी राहिली आणि त्या दिवसांची मजुरी बुडाली. बिल्टीवरही तेच अपुरे नाव होते, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला दोष देता येईना.

एका नावाची अनेक गावे

आपल्या जिल्ह्यात हा धोका जास्त आहे. मलकापूर बुलढाण्यात आहे, कराडजवळ आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. जळगाव म्हटले की सर्वांना खानदेशातले शहर आठवते. आपले ते जळगाव जामोद. शेगाव आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव यांत एका अक्षराचा फरक. देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही तर एकाच जिल्ह्यात. म्हणून गावाखाली तालुका, जिल्हा आणि पिन कोड हे तिन्ही लिहिलेच पाहिजेत.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ही योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी कोठे होणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे पोस्ट ऑफिस दाखवतात. बुलढाणा ४४३००१, मलकापूर ४४३१०१, जळगाव जामोद ४४३४०२. पण खामगाव ४४४३०३ आणि शेगाव ४४४२०३. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन सुरुवाती आहेत, अंदाजाने लिहू नये. जिल्ह्याचे नाव बदलले तरी पिन तोच राहतो.

लिपी आणि आकडे

आपल्यापैकी अनेकांची शाळा उर्दूत झाली, माझीही. घरचा हिशेब उर्दूत ठेवण्यात काही गैर नाही. पण गाठीवरचा पत्ता गोदामातील अनोळखी माणसाने वाचायचा असतो. उर्दूतला पाच त्याला शून्य वाटतो, उर्दूतले शून्य तर नुसता ठिपका. मराठी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. म्हणून पत्ता राज्यात देवनागरीत, राज्याबाहेर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावा. पिन, फोन आणि नगांची संख्या नेहमी इंग्रजी आकड्यांत असावी.

चिठ्ठीवर काय असावे?

वर मोठ्या अक्षरांत माल घेणाऱ्याचे नाव, दुकान, रस्ता किंवा ओळखीची खूण, गाव, तालुका, जिल्हा, पिन आणि फोन. खाली लहान अक्षरांत पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे माल अडला तर परत तरी येईल. बाजूला नग क्रमांक: पाच गाठी असतील तर १/५, २/५ असे प्रत्येकीवर. त्यामुळे एक गाठ मागे राहिली तर कोणती ते लगेच कळते. शिवाय आपला मार्का, म्हणजे चौकटीत किंवा त्रिकोणात दोन अक्षरे. तोच मार्का बिल्टीवरही लिहून घ्यावा.

माल रेल्वेने जात असेल तर स्टेशनचे नाव वेगळे लिहावे. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव मुंबई-नागपूर मार्गावर आहेत, खामगावला जलंबहून फाटा आहे. बुलढाणा शहरात रेल्वे नाही, तेव्हा स्टेशन आणि घेणाऱ्याचे गाव या दोन गोष्टी एक समजू नयेत.

तरटावर कागद टिकत नाही. पत्र्याच्या साच्याने रंग मारावा किंवा कापडी चिठ्ठी पक्क्या शाईने लिहून शिवावी. तीच चिठ्ठी गाठीच्या आतही टाकावी; वरची फाटली तर आतली बोलते. जुने तरट पुन्हा वापरताना आधीचा पत्ता आणि मार्का काळ्या रंगाने पूर्ण पुसावा. एका गाठीवर दोन पत्ते म्हणजे हमालाला कोडे.

कापडाच्या गाठीवर दोन चित्रे जरूर काढावीत: छत्री, म्हणजे पाण्यापासून जपा, आणि फुली मारलेला आकडा, म्हणजे हुक लावू नका. एका हुकाने कापडाच्या कितीतरी घड्या एकदम भोकसतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ही चित्रे कळतात.

कुरिअर किंवा ऑनलाइन विक्रीची छापील चिठ्ठी लावताना बारकोड सपाट बाजूवर यावा. कोपऱ्यावर दुमडला तर यंत्र वाचत नाही. यातील बऱ्याच चिठ्ठ्या शाईने नव्हे तर उष्णतेने छापल्या जातात. आपल्याकडच्या उन्हात त्या पुसट किंवा काळ्या होतात, म्हणून पार्सल सावलीत ठेवावे आणि नंबर हाताने वेगळा लिहावा.

माल हरवला तर

चिठ्ठी, बिल्टी आणि बिल यांवरचे नाव, नग आणि मालाचे वर्णन एकच असावे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजारांहून जास्त किमतीचा माल जाताना ई-वे बिल लागते, त्यातही तेच नाव हवे. माल गहाळ झाल्यास ट्रान्सपोर्टला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात तसे आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात माल सोपवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तोंडी तक्रारीवर विसंबून राहू नये.

गाठ आपल्या दुकानातून निघाली की तिच्याबरोबर आपला माणूस जात नाही, फक्त चिठ्ठी जाते. ती लिहायला पाच मिनिटे जास्त लागली तरी द्यावीत. त्या पाच मिनिटांवर कोणाची तरी ईदची मजुरी अवलंबून असते.