मागे कोण उभं राहणार?

दोस्तांनो, मुळशीतलं कापणी झालेलं भाताचं खाचर असो की मुंबईतलं मैदान, टीम पाडताना पहिलं भांडण ठरलेलं. 'मी फॉरवर्ड!' मागे राहायला कुणीच तयार नसतं. गोल अडवला तर टाळ्या कमी. चुकला तर बोलणी नक्की!

मुंबईच्या राहुल भेकेने मात्र हेच काम पत्करलं. १९९० साली जन्मलेला हा बचावपटू २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. म्हणजे मुळशी तालुक्याच्या शेजारचं बालेवाडी स्टेडियम तेव्हा त्याचं घरचं मैदान होतं, बरं का! पुढे तो बंगळुरू एफसीत गेला.

१७ मार्च २०१९. मुंबईत इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. समोर एफसी गोवा. जादा वेळ संपत आलेला, तरी एकही गोल नाही. ११७व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला. अशा वेळी हेडिंगमध्ये तरबेज बचावपटू पुढे जातात. धोका असतोच, कारण मागची जागा मोकळी पडते. राहुल गेला, उंच उडाला आणि चेंडू डोक्याने थेट जाळ्यात! बंगळुरू विजेता. त्याच वर्षी, वयाच्या २८व्या वर्षी, तो भारताकडून पहिला सामना खेळला.

एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. निर्णायक गोल पुन्हा राहुलच्या डोक्याने!

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी 'मी मागे राहतो' म्हणून तर बघा. आणि आईबाबा, मुलं खेळून आली की 'किती गोल केलेस?' एवढंच नको, 'किती अडवलेस?' हेही विचारा!