दहावीच्या इंग्रजीची पारख

दहावीचा निकाल लागला म्हणजे जळगांवांत काय किंवा धुळ्यांत काय, मुलाला इंग्रजींत किती गुण मिळाले हें घरोघर आवर्जून विचारलें जातें. आंकडा सत्तरीच्या पुढें गेला कीं घरांत समाधान पसरतें. पुढें तोच मुलगा विज्ञानशाखेंत जातो, पदार्थविज्ञानाचें इंग्रजी पुस्तक उघडतो आणि पहिल्या दोन पानांतच अडखळतो. वडिलांना वाटतें, यानें नुसती घोकंपट्टी केली. मुलाला वाटतें, आपल्याला बुद्धीच नाहीं. दोघांचाही तर्क घाईचा असतो. त्या आंकड्यानें काय मोजलें होतें आणि काय मोजलें नव्हतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

भाषा येणें ही एकच गोष्ट नव्हे. ऐकलेलें समजणें, वाचलेलें समजणें, बोलणें व लिहिणें अशा तिच्या चार बाजू आहेत; आणि एकच मूल चारही बाजूंनीं सारखें पुढें असतें असें नाहीं. खानदेशांतील शाळा राज्य मंडळाच्या नाशिक विभागांत मोडतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठीं इंग्रजीचे १०० गुण. त्यांपैकीं ८० लेखी परीक्षेचे व २० शाळेनें स्वतः द्यावयाचे. लेखी कृतिपत्रिकेंत व्याकरण, पाठ्यपुस्तकांतील उतारे व कविता, पूर्वीं न पाहिलेला उतारा, पत्र व इतर लेखन आणि थोडें भाषांतर येतें. म्हणजे भार वाचन-लेखनावर, आणि त्यांतही बराचसा वर्षभर वर्गांत घोळलेल्या पाठांवर. ऐकणें व बोलणें यांना त्या २० गुणांच्या कोपऱ्यांतच जागा मिळते.

ही स्थिति कशी आली, हें समजून घेण्यासारखें आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. त्यानंतर बराच काळ हायस्कुलांतील इतर बहुतेक विषयही इंग्रजींतूनच शिकविले जात. त्यामुळें इतिहासाच्या तासालाही इंग्रजीचा सराव होई. पुढें मातृभाषा हें माध्यम झालें, आणि तें योग्यच झालें. विषय समजण्याची वाट मोकळी झाली. मात्र इंग्रजीचा सर्व भार एका तासावर आणि तिची सर्व पारख एका पेपरावर येऊन पडली. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें. तेव्हां दहावीच्या मुलाच्या मागें आतां दहा वर्षांचें शिक्षण असतें, आणि त्याचें माप तीन तासांत घ्यावें लागतें.

माप बदललें कीं निकाल कसा हलतो, याचें ठळक उदाहरण २०१९ सालचें आहे. त्या वर्षीं भाषाविषयांतील शाळेकडचे २० गुण काढून टाकण्यांत आले. अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता, तो ७७.१० वर उतरला. पुढें ते गुण पुन्हां देण्यांत आले आणि २०२० सालीं निकाल ९५.३० झाला, त्या वर्षीं साथीमुळें भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेंही ध्यानांत ठेवावें. राज्यांतील मुलें एका वर्षांत मंद व दुसऱ्या वर्षांत हुशार झालीं नव्हतीं. यावरून ते २० गुण निरर्थक होते असें मात्र ठरत नाहीं. बोलणें कागदावर मोजतां येत नाहीं. तें ऐकूनच मोजावें लागतें. प्रश्न एवढाच कीं, ते गुण खरोखर ऐकून दिले जावेत.

खानदेशांत आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी लागते. मराठी माध्यमांत इंग्रजी ही तृतीय भाषा मानली जाते. परंतु ज्याच्या घरीं अहिराणी किंवा लेवा बोली चालते, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशीं पावरी बोलली जाते, त्या मुलाला पुस्तकी मराठीही शाळेंतच शिकावी लागते. त्याच्यापुरती इंग्रजी चौथी ठरते. असा एखादा मुलगा 'आय येस्टर्डे टु जळगांव वेंट' असें म्हणतो. येथें शब्द ठीक आहेत, काळही बरोबर आहे. चुकला आहे तो क्रम, कारण आपल्याकडे क्रियापद शेवटीं येतें. ही चूक आणि कांहींच न समजल्यामुळें होणारी चूक या दोन निराळ्या आहेत. पहिली सरावानें जाते. दुसरीसाठीं पुन्हां पायापासून शिकवावें लागतें. जी परीक्षा दोहोंचे सारखेच गुण कापते, ती शिक्षकाला उपाय सांगत नाहीं.

युरोपच्या परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांची एक योजना प्रसिद्ध केली. तिचें सूत्र साधें आहे : विद्यार्थ्याला किती गुण, हें न विचारतां त्याला त्या भाषेंत काय करतां येतें, हें विचारावें. हीच रीत घरींही चालते. इंग्रजी वर्तमानपत्रांतील दहा ओळींची अनोळखी बातमी द्यावी व तिचा मतलब मराठींत किंवा अहिराणींत सांगावयास लावावा. आकाशवाणीचें इंग्रजी बातमीपत्र ऐकवून कोणत्या दोन घटना कळल्या, तें विचारावें. केळीच्या बागेविषयीं किंवा कापसाच्या वेचणीविषयीं दोन मिनिटें इंग्रजींत बोलावयास सांगावें. पाठ केलेला निबंध चालणार नाहीं. शेवटीं अर्धें पान लेखन. चारही गोष्टींची तारखेसह नोंद ठेवावी आणि तीन महिन्यांनीं तीच परीक्षा नव्या मजकुरावर पुन्हां घ्यावी.

ज्याला विज्ञानशाखेकडे जावयाचें आहे, त्याचें अनोळखी वाचन प्रथम पाहावें. कारण पुढील अडचण तेथेंच उभी राहते. दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावीचे वर्ग भरेपर्यंत मोठी सुटी मिळते. निकालाच्या आंकड्याची वाट पाहत न बसतां ही पारख त्या सुटीच्या पहिल्या आठवड्यांत केली, तर उणीव भरून काढण्यास हातीं कांहीं आठवडे तरी उरतात.